रायफलीची ॲक्शन: जुनी घडण की नवी?

काडतूस चेंबरमध्ये सरकवणे, दाब सुटेपर्यंत ते बंद करून धरणे, पेटवणे आणि रिकामी पुंगळी बाहेर काढणे ही चार कामे करणाऱ्या यंत्रणेला रायफलीची ॲक्शन म्हणतात. तिचे मुख्य भाग दोन: रिसीव्हर आणि त्यात मागेपुढे सरकणारा बोल्ट. नळी रिसीव्हरच्या तोंडात आट्यांनी बसते, दस्ता त्याला खालून धरतो, चाप त्याच्या पोटाला लागतो आणि दुर्बीण त्याच्या पाठीवर बसते. रायफलीचा प्रत्येक भाग शेवटी ॲक्शनलाच जोडलेला असतो.

खास घडवून घेतलेल्या रायफलीत नळी, दस्ता आणि चाप नेमबाजाच्या मापाने निवडले जातात. ॲक्शन मात्र बहुधा कारखान्याची तयार घेतात. तिचे पोलाद, त्यावरची उष्णताप्रक्रिया आणि लगांची, म्हणजे बोल्ट अडकवणाऱ्या उंचवट्यांची, बैठक या गोष्टी छोट्या वर्कशॉपमध्ये खात्रीने साधत नाहीत. शिवाय तयार ॲक्शनची अनेकदा जादा दाबाच्या काडतुसांनी चाचणी झालेली असते. त्यामुळे प्रश्न उरतो तो निवडीचा. शंभर वर्षांचा अनुभव पाठीशी असलेली जुनी लष्करी घडण घ्यावी, की अचूकतेसाठी आखलेली अलीकडची?

अहिल्यानगर हे लष्करी शहर आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल १९४८ पासून इथे आहे आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटरही इथेच आहे. हत्यारे दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेला ईएमईचा, म्हणजे लष्कराच्या यांत्रिक अभियंता शाखेचा, आर्मरर अशा शहरात सहज भेटतो, आणि राज्यात वाढलेल्या नेमबाजीमुळे रायफलीकडे खेळाचे साधन म्हणून पाहणारा प्रशिक्षकही. पुढील संवाद या दोन भूमिकांचा आहे. निवृत्त आर्मरर सुभेदारांचा कल जुन्या लष्करी घडणीकडे आहे, तर नेमबाजी प्रशिक्षिकेचा नव्या स्पर्धात्मक घडणीकडे.

काम आधी, ॲक्शन नंतर

ॲक्शनची लांबी, बोल्टच्या तोंडाचे माप आणि मॅगझीनची रचना काडतुसावरून ठरते. .३०८ विंचेस्टर या काडतुसाची एकूण लांबी सुमारे ७१ मिलिमीटर, तर .३०-०६ या काडतुसाची सुमारे ८५ मिलिमीटर. पहिल्याला आखूड ॲक्शन पुरते, दुसऱ्याला लांब लागते. बुडाला कड असलेली काडतुसे, उदाहरणार्थ .३०३ किंवा .३१५, बिनकडेच्या काडतुसांसाठी आखलेल्या मॅगझीनमधून नीट वर येत नाहीत. .२२ लाँग रायफल हे तर वेगळेच कुळ आहे. त्याचा स्फोटक लेप बुडाच्या कडेत असतो, म्हणून फायरिंग पिन मधोमध न आदळता कडेवर आदळावी लागते.

आर्मरर: मॅडम, रायफल घडवून घ्यायची म्हणून कुणी आलं की मी आधी काडतूस विचारतो. माणसं ॲक्शनचं नाव घेऊन येतात. मग तिच्यात न बसणारं काडतूस बसवायला मॅगझीन कापतात, काडतूस वर चढवणारी उतरण म्हणजे फीड रॅम्प घासतात, आणि चांगली ॲक्शन बिघडवतात.

प्रशिक्षिका: यात आपलं दुमत नाही, सुभेदार साहेब. पण माझ्यासमोर येणारं काम बहुतेक वेळा ठरलेलं असतं. मुलं-मुली एअर रायफलवरून पुढे जातात ती ५० मीटरच्या .२२ रायफलकडे. त्या निशाण्यावर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवलं ते याच अंतरावर, थ्री पोझिशन प्रकारात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या त्याही ५० मीटर प्रोनमध्ये. या खेळात चिखल, बर्फ, शत्रू काही नसतं. असतो तो एका गोळीतून दुसऱ्या गोळीत पडणारा फरक. तुमची जुनी घडण ज्या संकटांसाठी बनली, ती संकटंच इथे नाहीत.

आर्मरर: .२२ तुमची, मान्य. पण मोठ्या काडतुसाची रायफल घडवायची असेल तर चिखल नसला तरी दाब असतोच. तिथे आधी माणसाचा चेहरा वाचला पाहिजे, दहाचं वर्तुळ नंतर. म्हणून पहिली तपासणी बोल्ट कुठे आणि कसा अडकतो याची.

बोल्टचे कुलूप

गोळी सुटताना चेंबरमधला वायू बोल्टला मागे रेटतो. हा रेटा बोल्टवरचे लग नावाचे उंचवटे रिसीव्हरमधल्या खाचांत अडकून झेलतात. ते पुढे आहेत की मागे, यावर ॲक्शनची ताठरता अवलंबून असते. या बाबतीत तीन घराणी जाणून घेण्यासारखी आहेत.

पहिले माउझर ९८. ओबर्नडॉर्फच्या पाउल माउझर यांची ही रचना जर्मन लष्कराने १८९८ मध्ये स्वीकारली. बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन मोठे लग आणि मागे तिसरा सुरक्षा लग आहे. एखादी पुंगळी फुटली तर वायूला वाट मिळावी म्हणून बोल्टच्या अंगाला भोके आहेत, आणि उरलेला झोत नेमबाजाच्या डोळ्याकडे जाऊ नये म्हणून बोल्टच्या मागच्या टोपीला रुंद कड आहे.

दुसरे ली-एनफिल्ड. जेम्स पॅरिस ली यांच्या रचनेवर उभी राहिलेली ही रायफल ब्रिटिश साम्राज्यात आणि पुढे भारतात पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. तिचे लग बोल्टच्या मागच्या भागात आहेत. तिचा बोल्ट उचलायला थोडाच फिरवावा लागतो आणि पुढची गोळी लवकर भरता येते. पण लग मागे असल्याने रेटा येतो तेव्हा बोल्टची सबंध लांबी दाबली जाते आणि रिसीव्हर ताणला जातो.

तिसरे रेमिंग्टन ७००. माइक वॉकर यांच्या १९४८ च्या ७२१ आणि ७२२ या नमुन्यांवरून ते १९६२ मध्ये आले. पुढे दोन लग आहेत. काडतुसाच्या बुडाभोवती बोल्टच्या तोंडाची कड, तिच्याभोवती नळीचे तोंड आणि त्याभोवती रिसीव्हरचे कडे अशी पोलादाची तीन वलये असतात.

प्रशिक्षिका: माउझरची सुरक्षा नाकारता येणार नाही. पण ली-एनफिल्डची बाजू कशी घ्याल? दार मधे फटकलं तरी चालेल पण कडी बिजागरीपाशी लावायची, असं झालं ते.

आर्मरर: तिची बाजू वेगानं घेता येते. पण कस्टम कामासाठी मीही ती पहिल्या क्रमांकावर ठेवत नाही. कारण आधी पुंगळीतच दिसतं. मागच्या लगांमुळे ॲक्शन ताणली की पुंगळीही कडेच्या जरा पुढे ताणली जाते. तीच पुंगळी परत परत भरली तर तिथून तुटते. एक गोष्ट मात्र तिच्या बाजूनं सांगितली पाहिजे. लांब पल्ल्यावर तिची गोळ्यांची उभी फाक अपेक्षेपेक्षा कमी पडते, हे ब्रिटनच्या बिस्ली रेंजवरच्या नेमबाजांनी फार पूर्वी पाहिलं. नळी अशी थरथरते की हळू निघालेली गोळी किंचित वरच्या कोनात सुटते आणि वेगवान गोळीच्या जवळ जाऊन पडते.

प्रशिक्षिका: म्हणजे तो गुण एका ठरावीक पल्ल्यापुरता, एका ठरावीक काडतुसापुरता. जवळच्या अंतरावर त्याचा उपयोग नाही. नवी रायफल घडवताना असल्या योगायोगावर भिस्त ठेवता येत नाही. पुढचे लग, ताठ रिसीव्हर आणि दोन्ही लगांची बैठक सारखी, एवढं हवं. ते माउझरमध्ये आहे, रेमिंग्टनमध्येही आहे.

काडतुसाची पकड

माउझर ९८ च्या बोल्टवर एक लांब, रुंद पंजा असतो. काडतूस मॅगझीनमधून वर येताच तो त्याच्या बुडाची खाच पकडतो आणि पुंगळी बाहेर फेकली जाईपर्यंत सोडत नाही. याला नियंत्रित भरण म्हणतात. रेमिंग्टन ७०० मध्ये बोल्ट काडतुसाला नुसता पुढे ढकलतो. पकड बसते ती बोल्ट बंद होतानाच. अमेरिकेतल्या विंचेस्टर मॉडेल ७० ला १९३६ पासून माउझरसारखा पंजा होता. १९६४ मध्ये उत्पादनखर्च कमी करण्यासाठी तो काढला, आणि १९६४ च्या आधीच्या ॲक्शनला नेमबाज मुद्दाम शोधून जास्त पैसे देऊ लागले. पुढे कंपनीला ती जुनी पद्धत परत आणावी लागली.

आर्मरर: यात सगळं आलं. माणूस घाबरलेला असतो, बोल्ट पुढे ढकलतो पण पूर्ण बंद न करताच मागे ओढतो आणि परत ढकलतो. ढकलणाऱ्या ॲक्शनमध्ये अशा वेळी पहिलं काडतूस चेंबरमध्येच राहतं आणि त्याच्या मागे दुसरं येऊन अडकतं. पंज्याच्या ॲक्शनमध्ये हे होत नाही, कारण जे पकडलंय ते बोल्टबरोबर मागे येतंच. धोकादायक जनावरासमोर ज्यांना उभं राहावं लागे, ते शिकारी म्हणूनच पंजाच मागत.

प्रशिक्षिका: पण आज ती गरज कुणाला आहे? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा खेळ संपला, आणि ते योग्यच झालं. रेंजवर नेमबाज प्रत्येक गोळी हातानं चेंबरपाशी ठेवतो. तिथे पंजाची रायफल उलट त्रास देते. मूळ माउझरच्या पंजाला काडतूस मॅगझीनमधून खालून यायला हवं. सुटं काडतूस पुढे टाकून बोल्ट लोटला तर पंजा कडेवरून सहज उडी मारत नाही. जबरदस्ती केली तर पंजाचं टोक तुटू शकतं.

आर्मरर: ते खरं आहे. एकेक गोळी भरायची असेल तर ढकलणारी ॲक्शन सोपी. बोल्टच्या तोंडाला पंज्यासाठी कापलेली फट नसते, त्यामुळे कड सलग राहते आणि काडतुसाच्या बुडाला चारी बाजूंनी आधार मिळतो. ज्याला मॅगझीनमधून भरवशानं भरायचंय त्यानं पंजा घ्यावा, ज्याला एकेक भरायचंय त्यानं ढकलणारी घ्यावी. इथे जुनं-नवं हा वादच नाही.

इशापूरचा दाखला

जुनी ॲक्शन घेऊन तिच्यावर नवे काडतूस चढवणे कुठवर शक्य असते, याचे भारतातले सर्वांत मोठे उदाहरण पश्चिम बंगालमधल्या इशापूर रायफल फॅक्टरीत घडले. हा कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभी ली-एनफिल्ड बनवू लागला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन नंबर ४ या सुधारित नमुन्याकडे वळले, तेव्हाही इशापूर जुन्या नंबर १ मार्क ३ नमुन्यावरच राहिले. १९६२ च्या चीन युद्धानंतर ७.६२ मिलिमीटर नाटो काडतुसाच्या रायफलींची गरज तातडीची झाली. इशापूरने जुनीच ॲक्शन नव्या काडतुसासाठी आखली. अशी २ए आणि पुढे २ए१ ही रायफल जन्माला आली.

प्रशिक्षिका: सुभेदार साहेब, जुनी ॲक्शन नव्या कामाला लावता येते याचा हा पुरावाच म्हणायचा का?

आर्मरर: पुरावा आहे, पण तो नीट वाचला पाहिजे. .३०३ चा कमाल दाब युरोपीय मानकात ३,६५० बार धरतात. ७.६२ चा ४,१५० बार. इशापूरनं जुन्या रिसीव्हरमध्ये नळी बदलून काम भागवलं नाही. रिसीव्हर आणि बोल्टचं पोलादच जास्त मजबूत घेतलं. नवं काडतूस बिनकडेचं, म्हणून पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर बदलला. मॅगझीन चौकोनी केलं, त्यात १२ गोळ्या बसू लागल्या. २ए१ मध्ये मागची साइट २,००० ऐवजी ८०० मीटरपर्यंतची केली. बाहेरून जुनी ओळख राहिली, आत धातू नवा. ज्यानं ॲक्शन बनवली त्याच कारखान्यानं हे केलं, म्हणून ते टिकलं. हेच कुणी घरगुती वर्कशॉपमध्ये जुन्या .३०३ रिसीव्हरवर करू पाहिलं तर तो जिवाशी खेळ.

प्रशिक्षिका: ब्रिटननंही १९७० मध्ये नंबर ४ वरून ७.६२ ची एल४२ए१ स्नायपर रायफल काढलीच की.

आर्मरर: काढली, पण नंबर ४ चा रिसीव्हर आपल्या मार्क ३ पेक्षा जाड आणि ताठ. त्यातही अचूकतेसाठी निवडलेल्या रायफलीच घेतल्या होत्या. दोन्ही भावंडं दिसायला सारखी, पण एकाला झेपतं ते दुसऱ्याला झेपेलच असं नाही. घराण्याचं नाव बघून निवड करू नये, नमुना बघून करावी.

ली-एनफिल्डच्या याच ॲक्शनवर इशापूरने नागरी परवानाधारकांसाठी .३१५ ची स्पोर्टिंग रायफल बनवली. .३०३ हे लष्करी काडतूस असल्याने सामान्य परवान्यावर मिळत नसे, म्हणून ८ मिलिमीटरचे जुने कडेचे काडतूस निवडले गेले. भारतातल्या शेतवस्त्यांवर आणि बंगल्यांत दिसणारी परवान्याची मोठी रायफल बहुधा हीच असते. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. तेव्हापासून इशापूर ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीत आहे.

सरळपणा आणि ताठरता

ॲक्शनची अचूकता चार मापांवर उभी असते: रिसीव्हरचे तोंड नळीच्या अक्षाशी काटकोनात असणे, आटे त्याच अक्षावर असणे, दोन्ही लग सारख्या दाबाने टेकणे आणि बोल्टचे तोंड सपाट असणे. एकच लग टेकत असेल तर गोळी सुटताना बोल्ट एका बाजूला कलतो आणि नळीला प्रत्येक वेळी वेगळा धक्का बसतो. कारखान्याच्या ॲक्शनमधले हे दोष लेथवर दुरुस्त करतात. याला ॲक्शन सरळ करणे म्हणतात.

प्रशिक्षिका: इथे मी ठाम आहे. रेमिंग्टन ७०० चा रिसीव्हर गोल सळईतून कातलेला असतो. लेथमध्ये धरायला सोपा, त्याचा अक्ष मोजायला सोपा. धक्का झेलणारा रिकॉइल लग वेगळा, नळी आणि रिसीव्हर यांच्यामध्ये वॉशरसारखा बसतो. तो बदलता येतो, समतल करता येतो. म्हणूनच अमेरिकी मरीन कोअरनं १९६६ मध्ये एम४० आणि लष्करानं १९८८ मध्ये एम२४ या स्नायपर रायफली याच ॲक्शनवर उभ्या केल्या. पुढे कितीतरी स्वतंत्र कंपन्यांनी आपल्या ॲक्शन याच मापाच्या बनवल्या, म्हणजे दस्ता, चाप, दुर्बिणीचे माउंट सगळं एकमेकांना बसतं.

आर्मरर: गोल रिसीव्हर कातायला सोपा, पण दस्त्यात बसायला अवघड. गोल वस्तू फिरायला बघते, त्यामुळे बेडिंग, म्हणजे दस्त्यात रिसीव्हर घट्ट बसवण्याचं काम, फार काळजीनं करावं लागतं. माउझरचं पोट सपाट, रिकॉइल लग रिसीव्हरच्या अंगाचाच. लाकडी दस्त्यात एकदा नीट बसला की हलत नाही.

प्रशिक्षिका: लाकडात हो. पण आता ॲल्युमिनियमचे चासिस आले, त्यात रिसीव्हर कोनाच्या खाचेत बसतो. गोल असल्याचा तोटा तिथे जवळजवळ राहत नाही. आणि माउझरच्या डाव्या बाजूला अंगठा आत जाण्यासाठी कापलेली खाच, वर क्लिप घालायची फट, खाली मॅगझीनचं मोठं तोंड. इतकं कापल्यावर रिसीव्हर वाकण्याविरुद्ध किती टिकणार?

आर्मरर: तिथे तुमचं मानावंच लागेल. मॅगझीनचं तोंड नसलेला, खालून बंद असा एकेरी रिसीव्हर सगळ्यात ताठ.

प्रशिक्षिका: म्हणूनच .२२ च्या स्पर्धेत अँशुट्झची मॅच ५४ ॲक्शन इतकी वर्षं टिकली. १८५६ मध्ये सुरू झालेली ही जर्मन कंपनी युद्धानंतर उल्ममध्ये नव्यानं उभी राहिली आणि १९५४ ची ही ॲक्शन तिची ओळख बनली. एकेरी भरणाच्या नमुन्यांत जाड रिसीव्हर, लहान तोंड. त्यावर दस्ता आणि नळी बदलत पिढ्या वाढल्या. म्हणजे नव्या घडणीच्या बाजूनं बोलताना मीही सत्तर वर्षांची ॲक्शनच सांगतेय.

चाप, आघाताचा वेळ आणि सुरक्षा

चाप ओढून पिन सुटल्यापासून ती आदळेपर्यंतच्या वेळाला आघातवेळ म्हणतात. .२२ ची गोळी नळीतून बाहेर पडायला सुमारे दोन-अडीच मिलिसेकंद घेते. आघातवेळ आणि हा वेळ मिळून होणाऱ्या काळात हात हलला तर गोळी हलते. आघातवेळ वाढला की हा धोका वाढतो. माउझर ९८ ची पिन जड आहे आणि लांबून येते, कारण लष्करी काडतुसाचा टणक प्रायमर थंडीतही फुटलाच पाहिजे, हा तिचा हेतू होता. स्पर्धेच्या ॲक्शनमध्ये पिन हलकी आणि तिचा प्रवास थोडा असतो.

आर्मरर: आणि चापाचं वजन? लष्करी चाप दोन टप्प्यांचा, जड, पण साधा. धूळ गेली तरी चालतो. हलक्या चापाच्या मागे धावणाऱ्यांनी अमेरिकेतलं प्रकरण वाचावं. रेमिंग्टनच्या जुन्या वॉकर चापात चाप आणि पिन रोखून धरणारा सिअर यांच्यामध्ये एक सुटा तुकडा होता. चाप न ओढता रायफल सुटल्याच्या तक्रारी आल्या, खटले झाले. त्या चापाच्या जागी आलेल्या एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफलीही कंपनीनं २०१४ मध्ये दुरुस्तीसाठी परत मागवल्या.

प्रशिक्षिका: ते विसरता येणार नाहीच. पण तो दोष चापाचा होता, ॲक्शनचा नव्हे. ॲक्शन निवडताना हाच प्रश्न विचारावा: वाईट भाग बदलून चांगला बसवता येतो का? रेमिंग्टनच्या मापाचे चाप अनेक कंपन्या बनवतात. अँशुट्झचा चाप सुटा निघतो, कमी-जास्त करता येतो. ज्या ॲक्शनला दुसरा चापच मिळत नाही, तिच्यात दोष निघाला तर ॲक्शनच वाया.

आर्मरर: मग सेफ्टीचंही तसंच पाहा. माउझरची पंखासारखी सेफ्टी थेट पिन अडवते. अनेक नव्या रायफलींची सेफ्टी चापच अडवते. पिन अडवणारी जास्त खात्रीची. दुर्बीण लावल्यावर जुन्या पंखाला वर यायला जागा राहत नाही हे खरं, पण आडवी वळणारी सेफ्टी बसवता येते.

पोलादाची खात्री

जुन्या ॲक्शनचा सर्वांत मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेची स्प्रिंगफील्ड १९०३ ही रायफल माउझरच्याच रचनेवर बेतलेली होती. पण स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात बनलेल्या ८,००,००० पेक्षा कमी क्रमांकाच्या रायफलींचे रिसीव्हर ठिसूळ निघाले. तापवलेल्या पोलादाचा रंग पाहून कारागीर तापमान ठरवत, आणि उन्हात दिसणारा रंग ढगाळ दिवशी वेगळा भासे. काही रिसीव्हर जास्त तापले. १९१७ मध्ये ते फुटू लागल्यावर तापमापक यंत्रे वापरात आली आणि पुढे उष्णताप्रक्रियाच बदलली.

प्रशिक्षिका: हाच माझा मुख्य आक्षेप आहे, सुभेदार साहेब. जुन्या ॲक्शनची रचना चांगली असेल, पण हातात असलेल्या या एका तुकड्याचं पोलाद कसं आहे, हे कोण सांगणार? युद्धाच्या शेवटच्या वर्षांत घाईनं बनलेलं आहे का, आधी कुणी तापवून वेल्डिंग केलंय का, बोल्टचा दांडा वाकवताना लगांपर्यंत उष्णता गेलीय का?

आर्मरर: हा आक्षेप मी पूर्ण स्वीकारतो. म्हणून जुनी ॲक्शन हातात आली की मी हा क्रम सोडत नाही. आधी रिसीव्हर आणि बोल्टवरचे क्रमांक जुळतात का ते बघायचं. मग लगांच्या मागच्या बाजूला आणि खाचांच्या बैठकीत भिंग लावून बघायचं. बैठकीत खळगा पडला असेल तर पोलाद मऊ आहे आणि लग मागे सरकतायत. नंतर गो आणि नो-गो गेजनं हेडस्पेस तपासायचं, म्हणजे बोल्टचं तोंड आणि काडतुसाची टेक यांतलं अंतर. नो-गो गेजवर बोल्ट बंद झाला तर रायफल तिथेच थांबवायची. पुढे भेगा शोधायला चुंबकीय कणांची तपासणी, आणि टणकपणा मोजायला योग्य प्रयोगशाळा. दुर्बिणीसाठी आधी कुणी भोकं पाडली असतील तर ती पुढच्या कड्यात कुठवर गेलीत, तेही बघायचं. यातलं एक जरी चुकलं तर ॲक्शन कितीही नामांकित असो, ती भिंतीवर टांगण्यापुरती.

प्रशिक्षिका: नव्या ॲक्शनलाही हीच तपासणी हवी. नवं म्हणजे निर्दोष असं मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवत नाही. फरक इतकाच, की नव्याचा इतिहास आपल्यापासूनच सुरू होतो आणि पाठीशी कारखान्याची हमी असते.

सुटे भाग आणि कायदा

ॲक्शनची निवड बाजारभावावर ठरते. भारतात ती कायद्यावरही ठरते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात. म्हणजे नुसता रिसीव्हर किंवा नळी बाळगायलाही परवाना लागतो. कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्र बनवणे, विकणे, दुरुस्त करणे किंवा त्यात फेरबदल करणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना निर्मितीची शिक्षा किमान सात वर्षे ते जन्मठेप इतकी कडक केली आणि एका परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. खेळाडूंना संख्येत सवलत आहे. आयातीची वाट मुख्यतः नामांकित नेमबाजांसाठी खुली आहे.

आर्मरर: आपल्या एमआयडीसीत एकापेक्षा एक टर्नर आहेत. हजारावा भाग पकडणारे हात आहेत. म्हणून कुणाला वाटतं, रिसीव्हर इथेच कातून घेऊ. त्याला मी एकच सांगतो: हात कितीही चांगला असला तरी तो परवानाधारक शस्त्रकारागीर नसेल तर त्यानं या कामाला हात लावायचा नाही.

प्रशिक्षिका: आणि निवडीच्या दृष्टीनंही कायद्याला वजन आहे. सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात म्हटल्यावर प्रयोग म्हणून ॲक्शन घ्यायची सोय उरत नाही. खेळाडूला संख्येत सवलत असली तरी एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग तुटली तर ती परदेशातून मागवायची, तिची परवानगी, तिचा वेळ. तोवर खेळाडूचा हंगाम गेलेला असतो. म्हणून मी अशीच ॲक्शन सुचवते जी देशात आधीच पुष्कळ नेमबाजांकडे आहे, जिचे भाग आणि जिचा जाणकार दोन्ही मिळतात.

आर्मरर: यात आपण दोघं एकाच जागी आलो. इशापूरची .३१५ चांगल्या स्थितीत असेल तर तिच्या काडतुसापुरती ती ठेवावी. तिला दुसऱ्या काडतुसात बदलू नये, कारण त्या ॲक्शनला जे झेपतं ते कारखान्यानं आधीच ठरवलंय.

निवडीचा क्रम

दोन्ही बाजूंचे म्हणणे एकत्र ठेवले की जुने आणि नवे हा भेद मागे पडतो आणि क्रम उरतो. आधी काम आणि काडतूस ठरवावे. त्या काडतुसाची लांबी, कड आणि दाब यांना बसणारा नेमका नमुना पाहावा. घराण्याच्या कीर्तीवर समाधान मानू नये. मॅगझीनमधून भरवशाने भरायचे असेल तर पंजाची नियंत्रित भरण घ्यावी. एकेक गोळी भरून अचूकता साधायची असेल तर ढकलणारी, खालून बंद आणि ताठ ॲक्शन घ्यावी. बोल्टचे लग पुढे असणे मोठ्या दाबासाठी श्रेयस्कर. रिसीव्हर सरळ करता यावा, चाप बदलता यावा आणि सेफ्टी शक्यतो पिन अडवणारी असावी. जुन्या ॲक्शनचे पोलाद, लगांची बैठक आणि हेडस्पेस तपासल्याशिवाय तिच्यावर एक रुपयाही खर्च करू नये. शेवटी परवाना, सुटे भाग आणि दुरुस्ती करणारा जाणकार या तिन्ही गोष्टी आवाक्यात असतील तरच ती ॲक्शन निवडावी.

या क्रमातून ५० मीटरच्या .२२ नेमबाजासाठी प्रशिक्षिकेची निवड बरोबर ठरते, कारण तिथे ताठरता आणि कमी आघातवेळ हेच निर्णायक. मोठ्या काडतुसाच्या, मॅगझीनमधून भरायच्या रायफलीसाठी आर्मररचा माउझर घडणीचा आग्रह बरोबर ठरतो. फक्त ती ॲक्शन शक्यतो नव्या पोलादात बनलेली असावी आणि जुनी असेल तर तपासणीत पूर्ण उतरलेली असावी. नळी झिजते आणि बदलता येते, दस्ता बदलता येतो, दुर्बीणही बदलता येते. ॲक्शन मात्र रायफल असेपर्यंत तीच राहते. म्हणून पैसा आणि वेळ दोन्ही सर्वांत आधी तिच्या तपासणीवर खर्च झाले पाहिजेत.